स्टीलच्या फ्रेमला तडा: कसा शोधायचा, आणि झाळल्यावरही तो पुन्हा का येतो

लक्षणं

खालच्यापैकी एखादी तक्रार परत परत येत असेल आणि नेहमीचे इलाज करूनही हटत नसेल, तर फ्रेमकडे जरा संशयाने बघायला हरकत नाही.

- जोर लावून पायडल मारताना, विशेषतः चढावर उभं राहिल्यावर, दर फेऱ्याला एकदा टक् किंवा कुर्र असा आवाज. बसून सावकाश चालवलं की आवाज गायब.
- चाक सरळ आहे, ब्रेक-गियर नीट लावलेत, तरी जोर दिला की मागचा टायर एका बाजूला घासतो किंवा चेन पुढच्या डीरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाच्या) पिंजऱ्याला लागते.
- हेडसेट, म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं ती बेअरिंगं, घट्ट केला की काही दिवसांत पुन्हा सैल.
- सीटपोस्ट (सीटचा दांडा) कितीही आवळला तरी खाली सरकतो.
- सायकल एका अंगाला ओढते, किंवा उतारावर वेग आला की हँडल थरथरतं, आणि हे आधी नव्हतं.
- जोडाजवळ रंगात केसासारखी रेघ, तिच्या कडेला तांबूस ओघळ. पुसला तरी सायकल भिजली की परत येतो.
- हेड ट्यूबच्या लगेच मागे रंगाला सुरकुती पडलीय किंवा खपल्या निघाल्यात.

यातल्या जवळपास प्रत्येक लक्षणाला दुसरं, साधं कारणही असतं आणि बहुतेक वेळा तेच निघतं. कुरकुरणाऱ्या सायकलींपैकी फार थोड्यांची फ्रेम खरोखर फाटलेली असते. म्हणून खालचा क्रम फुकटच्या आणि सोप्या तपासण्या आधी, खर्चाच्या आणि किचकट शेवटी असा लावला आहे. तो मोडू नका. फ्रेमचा रंग खरवडून झाल्यावर आवाज पायडलच्या आट्यांतून येत होता असं कळलं की फार चरफड होते.

एकच अपवाद. रेघ, सुरकुती किंवा फुगवटा चिमट्यावर (पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग), हेड ट्यूबवर किंवा हेड ट्यूबला लागून असलेल्या नळ्यांवर दिसत असेल, तर आधी सायकल चालवणं थांबवा आणि मग पुढचं वाचा.

नावांचा घोळ नको म्हणून: हँडलखालची उभी आखूड नळी ती हेड ट्यूब. तिच्यापासून वरून सीटकडे जाते ती टॉप ट्यूब, खाली क्रँककडे उतरते ती डाउन ट्यूब. सीट ज्या नळीत बसते ती सीट ट्यूब. क्रँकचा एक्सल फिरतो ते नळकांडं म्हणजे बीबी शेल. शेलपासून मागच्या चाकापर्यंत आडवे जाणारे दोन पाइप चेनस्टे, सीटखालून उतरणारे दोन सीटस्टे, आणि डावीकडे-उजवीकडे या दोघांची टोकं जिथे मिळतात ती चाकाच्या खाचेची पट्टी म्हणजे ड्रॉपआउट.

तडा जातो कसा

हे कळलं नाही तर कुठे बघायचं तेही कळत नाही, म्हणून थोडं थांबतो.

स्टीलची फ्रेम रोजच्या वापरात एका झटक्यात क्वचितच तुटते. तार पुढे-मागे वाकवून तोडतो तसाच प्रकार असतो, फक्त इथलं प्रत्येक वाकणं डोळ्याला दिसत नाही आणि त्यांची संख्या लाखांत जाते. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस असेच तुटायचे. वजन पेलायची ताकद भरपूर, तरी काही काळ वापरले की गेले. ऑगस्ट व्होलर या जर्मन इंजिनिअरने त्यावर अनेक वर्षं चाचण्या घेतल्या आणि ताण एका मर्यादेखाली राहिला तर पोलाद जवळपास कितीही फेऱ्या सोसतं हे दाखवून दिलं. गुळगुळीत, निकोप नमुन्यासाठी ही मर्यादा साधारणपणे तुटण्याच्या ताणाच्या निम्मी धरतात. पण सायकलची फ्रेम म्हणजे गुळगुळीत नमुना नव्हे. वेल्डची कड, बाटलीच्या पिंजऱ्याची भोकं, सीटपोस्ट आवळायची चीर, गंजाचे खड्डे, अशा प्रत्येक जागी ताण गोळा होतो. आणि गंज चालूच असेल तर ती सुरक्षित मर्यादा राहतच नाही. कमी ताणावरही तडा हळूहळू पुढे सरकतो.

आता ताण किती असतो ते बघा. क्रँक 170 मिलिमीटरचा आणि पुढचं चक्र 44 दातांचं असेल, तर चक्राची त्रिज्या सुमारे 89 मिलिमीटर भरते. म्हणजे पायडलवर 60 किलोचा भार दिला की चेनमध्ये जवळजवळ 115 किलोचा ओढा तयार होतो. चढावर 28 दातांचं लहान चक्र लावलं की तोच ओढा 180 किलोवर जातो. लहान गियर पायाला हलका, पण फ्रेमच्या मागच्या भागाला जड. हा सगळा ओढा उजव्या बाजूने जातो, म्हणून उजव्या चेनस्टेचं बीबी शेलजवळचं टोक ही तडा जायची अगदी नेहमीची जागा.

आयएसओ 4210 या मानकाप्रमाणे नव्या फ्रेमची चाचणी घेतात तेव्हा दोन्ही पायडलांवर आळीपाळीने 1000 न्यूटन किंवा त्याहून जास्त, म्हणजे 100 किलोच्या वरचा भार देत 1 लाख आवर्तनं काढतात. तडा दिसला की फ्रेम नापास. तुमची झाळलेली फ्रेम या चाचणीतून पुन्हा गेलेली नसते, एवढं लक्षात असू द्या.

तपासणी 1: चुंबक

घरातलं कुठलंही चुंबक घ्या आणि सगळ्या नळ्यांवर फिरवा. कुठेच चिकटलं नाही तर फ्रेम बहुधा ॲल्युमिनियमची आहे, आणि तिचे नियम वेगळे. दुरुस्तीबद्दल पुढे जे लिहिलंय ते तिला लागू नाही. सगळीकडे चिकटतं पण एखाद्या जागी ढिलं पडतं, तर त्या जागी रंगाखाली पुट्टी भरलेली असण्याची शक्यता आहे. जुनी सायकल विकत घेताना ही तपासणी सोन्यासारखी. पुट्टीखाली नुसता पोचा असेल किंवा तडा असेल. लपवलंय एवढं मात्र नक्की.

तपासणी 2: आवाज नक्की कुठला

फ्रेम नळ्यांची, त्यामुळे आवाज एकीकडे होतो आणि ऐकू दुसरीकडे येतो. कानावर विश्वास न ठेवता एकेक भाग बाद करत जा.

सीटवरून उठून चालवा. आवाज बंद झाला तर सीट, तिचा क्लॅम्प किंवा सीटपोस्ट. पायडल न मारता नुसती सायकल पळू द्या. तरीही आवाज येत असेल तर चाक किंवा हेडसेट. फक्त उजव्या पायाने, मग फक्त डाव्या पायाने मारून बघा. त्यानंतर पायडलं काढून आटे पुसा, ग्रीस लावा, परत बसवा (डावं पायडल उलट्या आट्याचं असतं). चक्राचे बोल्ट, क्रँकचा बोल्ट किंवा कॉटर पिन, बीबीचे कप तपासा. सीटपोस्ट काढून पुसून ग्रीस लावून बसवा. ड्रॉपआउटच्या आतल्या तोंडावरची माती काढा. तिथे कोरडा कचरा अडकला तरी चढावर अगदी तडा गेल्यासारखा आवाज येतो.

मागचा एक्सल मात्र मुद्दाम बघा. फ्रीव्हील स्क्रूने बसणाऱ्या जुन्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुकड्यात) उजवं बेअरिंग बरंच आत असतं आणि एक्सलचा उरलेला भाग आधाराशिवाय बाहेर येतो. तो वाकतो, तुटतो. क्विक रिलीजचा, म्हणजे खटक्याने चाक सोडवायचा, दांडा आतून पकडून ठेवतो म्हणून तुटलेल्या एक्सलवरही सायकल चालत राहते, आणि लक्षणं हुबेहूब फाटलेल्या चेनस्टेची: चाक घासणं, टक्-टक्, मागून डुलल्यासारखं वाटणं. चाक बाहेर काढून दांडा ओढा. एक्सलचे दोन तुकडे हातात आले तर फ्रेम सुटली. पण लगेच निश्चिंत होऊ नका. एक्सल वारंवार तुटत असेल तर दोन्ही ड्रॉपआउट एकमेकांना समांतर नसतील, आणि तेच वाकडेपण ड्रॉपआउटलाही तडा देतं.

तपासणी 3: धुवा आणि बघा

सगळ्यात जास्त तडे इथे सापडतात, आणि सगळ्यात जास्त लोक हीच पायरी उरकून टाकतात.

साबणाच्या पाण्याने फ्रेम धुवा, विशेषतः बीबीच्या खालचा भाग. तिथे तेल आणि धुळीचा जो काळा थर बसतो त्याच्याखाली वर्षभराचा तडा आरामात लपतो. पूर्ण वाळू द्या. मग सायकल उलटी करा आणि टॉर्च नळीला जवळजवळ चिकटवून, आडव्या प्रकाशात बघा. समोरून उजेड टाकला तर रेघ दिसत नाही. आडव्या उजेडात तिची सावली पडते. बारीक जागी मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघितला तर डोळ्यापेक्षा जास्त दिसतं.

बघायच्या जागा, माझ्या अनुभवाच्या क्रमाने:

उजवा चेनस्टे, बीबी शेलपासून बोटभर अंतरावर, खालून आणि आतून. दोन चेनस्टेंना जोडणारा आडवा तुकडा. साइड स्टँडचा क्लॅम्प असेल तर तो काढून त्याच्याखाली. हे क्लॅम्प नळी चेपवतात आणि चेपलेल्या कडेवरून चीर निघते.

उजवा ड्रॉपआउट, खाचेच्या कोपऱ्यात आणि चेनस्टे जिथे मिळतो तिथे. चाक काढूनच दिसतं.

सीट ट्यूबचं वरचं टोक. आवळायच्या चिरेच्या तळाशी एक गोल भोक असायला हवं, ते ताण पसरवतं. ते नसेल आणि चीर टोकदार संपत असेल तर तिथूनच पुढे रेघ गेलीय का बघा. लग असलेल्या फ्रेममध्ये, म्हणजे नळ्या टोपणासारख्या जोडांत बसवलेल्या असतात तिथे, बोल्टचे कान मुळाशी फाटतात.

डाउन ट्यूब हेड ट्यूबच्या मागे, खालच्या अंगाने. समोरून धडक बसलेल्या सायकलीचा इतिहास इथे लिहिलेला असतो. डोळे मिटून बोट फिरवा. डोळ्याला न दिसणारा फुगवटा बोटाला लागतो. टॉप ट्यूबवरही तसंच.

बाटलीच्या पिंजऱ्याची भोकं, गियरच्या वायरचे झाळलेले टेकू, कॅरिअरचे कान. इथले तडे लहान असतात. पण डाउन ट्यूबवरच्या बाटलीच्या भोकातून आडवी निघालेली रेघ ही नळीच दोन करायला निघालेली असते, तिला लहान समजू नका.

शेवटी चिमटा: पाय वर जिथे मिळतात तो खांदा, आणि खाली चाकाच्या पट्ट्या.

संशय आला तिथून कापसाचा बोळा हलकेच ओढा. धातूची कड उघडी असेल तर तंतू अडकतो. नखही चालतं, पण नख रंगाच्या भेगेलाही अडतं.

तपासणी 4: रेघ रंगाची की धातूची

रंग तडकतो त्याची बरीच कारणं असतात. जाड रंग, जुना रंग, दगड लागणं, बोल्ट जास्त आवळणं. रंगाच्या भेगा बहुधा फांद्या फुटलेल्या, जाळीसारख्या किंवा गोल खपलीच्या असतात. धातूचा तडा सहसा एकच, सलग, वेल्डच्या कडेला धरून किंवा नळीला आडवा जातो, आणि त्याला गंजाची बारीक तांबूस किनार असते. लगच्या कडेनेच फिरणारी रेघ बऱ्याचदा झाळ नीट न भरल्याने किंवा रंग आकसल्याने येते. लगच्या टोकापासून थोडी पुढे, नळीच्या अंगावर गेलेली रेघ जास्त धोक्याची.

हे ठरवायला रंग काढावा लागतो. अंगठ्याच्या नखाएवढ्याच जागेवरचा. रंग काढायचं रसायन मिळत असेल तर ते उत्तम, कारण पॉलिश पेपरने जोरात घासलं की धातू पसरून तड्याचं तोंड झाकलं जातं आणि खरा तडा असूनही जागा चकचकीत, कोरी दिसते. पेपरच वापरायचा तर 400 नंबरचा, पाण्याने, हलक्या हाताने, रेघेच्या दिशेने. ग्राइंडर तर अजिबात नको.

रंग गेला आणि रेघही गेली तर रंगाची होती. तिथे लगेच प्राइमर लावा, नाहीतर शोधलेला तडा नसला तरी गंज तुम्हीच आणाल.

रेघ राहिली किंवा शंका राहिली तर खडूची युक्ती. त्या जागी रॉकेल किंवा पातळ भेदक तेल लावा, अर्धा तास राहू द्या, मग अगदी कोरडं होईपर्यंत पुसा. वर पांढऱ्या खडूची भुकटी चोळा आणि एखाद्याला पायडलवर जोर द्यायला सांगा. तडा असेल तर आत शिरलेलं तेल बाहेर येतं आणि खडूवर ओलसर रेघ उमटते. फार जुनी युक्ती आहे, आणि अगदी बारीक तडे हिच्यातून सुटतात. रेघ उमटली तर तडा आहे. न उमटली तर नाहीच असं म्हणता येत नाही.

तपासणी 5: जोर देऊन आणि दोरी लावून

दोन माणसं लागतात. एकाने सायकलीच्या बाजूला उभं राहून दोन्ही ब्रेक धरायचे, पायडल सर्वात खाली आणायचं आणि त्यावर पाय ठेवून आडवा दाब द्यायचा. दुसऱ्याने टॉर्च घेऊन रेघेकडे बघायचं. रेघ उघडझाप करत असेल तर वाद संपला. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा आणि बोट हेड ट्यूबच्या खालच्या जोडावर ठेवा. आवाज हेडसेटचा असला तर कपाजवळ ठोका जाणवतो.

दोरीची तपासणी फ्रेम वाकलीय का ते सांगते. मागचं चाक काढा. एक दोरी डाव्या ड्रॉपआउटला बांधा, हेड ट्यूबभोवती वळवून उजव्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचं अंतर मोजा. दोन्हीकडे सारखं हवं. एक-दोन मिलिमीटरच्या फरकाने घाबरू नका. फरक मोठा असेल आणि सायकल कधी आपटली नसेल, तर कुठलातरी जोड सुटत चाललाय.

तपासणी 6: सुटे भाग काढून आतून

इथपासून योग्य पाने लागतात, वेळ जातो. सीटपोस्ट काढून आत टॉर्च टाका. बीबी काढा, शेलमधून गंजाचा भुगा आणि पाणी निघालं तर चेनस्टे आतून खाल्ले गेलेत असं धरून चाला. नळीच्या भिंती किती पातळ असतात याची बहुतेकांना कल्पना नसते. साध्या स्टीलची नळी दीड मिलिमीटरच्या आसपास, पण चांगल्या बटेड, म्हणजे टोकांना जाड आणि मधे पातळ ठेवलेल्या, नळीची टोकाला 0.8 ते 0.9 आणि मधे 0.5 ते 0.6 मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरातून गंज जायला फार काळ लागत नाही.

चिमटा खाली उतरवणं हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात टाळलं जाणारं काम. चिमट्याची वरची नळी, म्हणजे स्टिअरर, हेड ट्यूबमध्ये पूर्ण झाकलेली असते, त्यामुळे तिचा तडा बाहेरून दिसतच नाही. खाली खांद्याला मिळते तिथे बघा. आणि जुन्या पद्धतीच्या, खुंटीसारख्या आत जाणाऱ्या स्टेममध्ये (हँडल धरणारा तुकडा) आणखी एक जागा: स्टेमची पाचर आट्यांच्या भागात फुगवली तर आट्यांच्या खाचेतूनच नळी फाटते. हँडल उंच करायच्या नादात स्टेम खुणेच्या वर ओढला की हे होतं. हेडसेट वारंवार सैल होण्याची तक्रार असेल तर ही तपासणी चुकवू नका.

तपासणी 7: लाल रंगाची फवारणी

वेल्डिंगचं सामान विकणाऱ्यांकडे डाय पेनिट्रंटचे तीन डबे मिळतात: क्लीनर, लाल डाय, पांढरा डेव्हलपर. रंग काढलेली जागा साफ करा, लाल डाय मारा, डब्यावर दिलेला वेळ (बहुधा 10 ते 20 मिनिटं) थांबा. मग क्लीनर कापडावर घेऊन पुसा. थेट जागेवर मारला तर तड्यातला डायही धुऊन निघतो. शेवटी डेव्हलपरचा पातळ थर द्या. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली तर तडा, आणि ती कुठे संपते तेही दिसतं. तड्याचं खरं टोक उघड्या डोळ्याला दिसतं त्याच्या पुढे असतं, म्हणून दुरुस्तीआधी हे करून घेणं फायद्याचं.

तडा सापडला. आता थांबा

तडा धातूचा आहे हे ठरलं की सायकल चालवायची नाही, घरापर्यंतसुद्धा नाही. ढकलत न्या. स्टील तुटण्याआधी बहुधा सूचना देतं हे खरं, पण ती सूचना म्हणजे तुम्ही आत्ता बघताय तोच तडा.

टोकापाशी भोक पाडून तडा थांबवतात असं कुणीतरी सांगेलच. जाड पत्र्यात ही पद्धत वापरतात. सायकलच्या पातळ नळीत टोक नेमकं सापडत नाही, भोक नळी आणखी कमजोर करतं, आणि माणूस निर्धास्त होऊन चालवत राहतो. वरून क्लॅम्प, एपॉक्सी, पट्टी बांधणं याचंही तेच. तडा झाकला जातो, थांबत नाही.

इथून पुढचं काम कारागिराचं. वेल्डिंग मशीन घरात असलं तरी. साध्या आर्क वेल्डिंगच्या रॉडने 0.8 मिलिमीटरची नळी जळून भोक पडतं, आणि ते भोक बुजवायला जो ढीग टाकतात त्याच्या कडेने पुढचा तडा जातो. बंद नळी तापवली तर आतली हवा फुटून बाहेर येऊ शकते. आत गंजरोधक तेल असेल तर ते पेटतं. क्रोम किंवा जस्ताचा मुलामा असेल तर धूर विषारी. हे सगळं त्याला माहीत असतं.

कारागिराकडे जाताना दोन गोष्टी विचारून घ्या. एक, पातळ नळीचं ब्रेझिंग (पितळी झाळ) किंवा आर्गन वेल्डिंग तो नेहमी करतो का. नुसती गेट आणि जाळ्या करणारा हात कितीही चांगला असला तरी इथे चालत नाही. दोन, फ्रेम मुळात कशी जोडलीय ते त्याने बघितलं का. पितळी झाळ असलेल्या जोडावर थेट वेल्डिंग केलं की वितळलेलं पितळ स्टीलच्या कणांमधल्या सीमांत शिरतं आणि नवे तडे पाडतं. नळीवर रेनॉल्ड्स 531 चा स्टिकर असेल तर तेही दाखवा. 1935 पासूनची ही मँगनीज-मॉलिब्डेनमची नळी झाळण्यासाठी बनवलेली आहे. तिच्यावर आर्गन वेल्डिंग करायचं नसतं.

काय दुरुस्त होतं आणि काय नाही, यावर माझं मत ठाम आहे. ड्रॉपआउट बदलता येतो. चेनस्टे, सीटस्टे बदलता येतात. सीट ट्यूबच्या कानाचा तडा झाळता येतो. टॉप किंवा डाउन ट्यूब फाटली तर नळी बदलणं हाच इलाज, आणि बहुतेक साध्या फ्रेम्सना तो खर्च परवडत नाही. चिमटा आणि स्टिअरर कधीही झाळायचे नाहीत. चेनस्टे तुटला तर चाक घासतं आणि थांबता येतं. चिमटा तुटला तर थांबायला वेळच मिळत नाही.

झाळलेला तडा पुन्हा का येतो

माझ्याकडे येणाऱ्या तडा गेलेल्या बऱ्याच फ्रेम्स आधी एकदा झाळलेल्या असतात. झाळ शाबूत असते, तडा तिच्या शेजारून गेलेला असतो. पहिल्या वेळी तडा बुजवला, पण ज्याने तो पाडला ते तसंच राहिलं. म्हणून फ्रेम कारागिराकडून परत आली की जागेप्रमाणे कारण शोधा.

सीट ट्यूबच्या वरच्या टोकाला गेला असेल तर सीटपोस्ट मोजा. सीटपोस्ट 0.2 मिलिमीटरच्या फरकाने मिळतात: 26.8, 27.0, 27.2. 27.2 च्या नळीत 26.8 चा घातला की तो धरावा म्हणून बोल्ट पिळावा लागतो, कान एकमेकांकडे वाकतात आणि मुळाशी फाटतात. कान समांतर दिसायला हवेत. दुसरं कारण पोस्ट आखूड असणं: किमान खूण नळीत बुडालेली हवीच, शिवाय पोस्टचं खालचं टोक टॉप ट्यूबच्या जोडाच्या खाली गेलेलं हवं. तसं नसेल तर तुमचं सगळं वजन तरफेसारखं त्या एका कडेवर येतं.

ड्रॉपआउटला गेला असेल तर दोन्ही बाजूंची समांतरता कारागिराकडून गेजने तपासून घ्या, आणि हबची रुंदी फ्रेमला जुळते का बघा. 126 मिलिमीटरच्या फ्रेममध्ये 135 चा हब हाताने फाकवून बसवलेला असेल तर उत्तर मिळालं.

चेनस्टेला गेला असेल तर स्टँडचा क्लॅम्प, सैल बीबी, आतला गंज. स्टँड परत लावायचाच तर ड्रॉपआउटजवळ बसणारा घ्या.

कॅरिअरच्या कानाशी किंवा सीटस्टेला गेला असेल तर ओझं आणि सैल बोल्ट. सैल कॅरिअर डुलतो आणि प्रत्येक खड्ड्यात कानाला पिळतो. इथे नुसती झाळ टिकत नाही, कॅरिअरचा आधार बदलावा लागतो.

डाउन ट्यूबला हेडजवळ गेला असेल आणि नळी बदलली असेल, तर चिमटाही तपासलाय ना? ज्या धडकेने नळी वाकली ती आधी चिमट्यातून गेली होती.

दुरुस्तीनंतर नळ्यांच्या आत गंजरोधक तेल किंवा मेण फिरवा, बीबीच्या तळाचं पाणी निघायचं भोक मोकळं ठेवा. झाळलेल्या जागी सुरुवातीला जाड रंग देऊ नका. पातळ, फिक्या रंगाचा एक हात पुरे, म्हणजे नवी रेघ आली तर लगेच दिसेल. पहिले काही महिने चेन साफ कराल तेव्हा त्या जागेवर टॉर्च टाकत जा.

आणि बाद झालेला चिमटा किंवा फ्रेम भंगारात देण्याआधी करवतीने आरपार कापा. नुसती टाकली तर कुणीतरी उचलून, रंग मारून, पुन्हा चाक लावतं.